शेरीफच्या घोड्याचा तंग

"माझ्या नवऱ्याला कुणीतरी मारायला निघालंय, आणि तो मलाच म्हणतो, गप्प बस!" आर्डिथ टॅलमन खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली.

व्हर्ना लिंडक्विस्टने टाइपरायटर बाजूला सारला. हॉलिवुडमध्ये खाजगी तपासाचा धंदा करणारी ही उंच, सडपातळ बाई समोरच्याला पुरतं बोलू द्यायची. तिचा जोडीदार गस पॉमरॉय निवृत्त पोलीस. खिडकीत बसून तो डोनट खात होता. हात पुसून तो घाईघाईने उभा राहिला. रॉयस टॅलमनची बायको दारात यावी, हे काही रोजचं नव्हतं.

रॉयसला कोण ओळखत नव्हतं! दाढीच्या साबणाच्या जाहिरातींत हसत त्याने सुरुवात केली, मग लढाईच्या चित्रपटांत प्रेतं वठवली, आणि शेवटी टीव्हीवरचा शेरीफ झाला. दर शुक्रवारी सगळी अमेरिका त्याला भरधाव घोडा फेकताना बघायची. आता त्याला मोठ्या पडद्यावर जायचं होतं.

"काल चॅट्सवर्थच्या डोंगरात शूटिंग होतं," आर्डिथ म्हणाली. "खोगीर घसरलं, रॉयस खाली आला. खांदा मोडला. बघतात तर तंग, खोगीर आवळायचा चामडी पट्टा, कापलेला. पोटाला लागतो त्या बाजूने, धारदार पात्याने."

"संशय कुणावर?"

"क्लीट डोरन्सवर. रॉयसचा डबल. दौड, उड्या, आपटणं, सगळं लांबून आणि पाठमोरं तोच करतो. खोगीरही तोच कसतो. निर्मात्याने त्याला घरी बसवलंय. सोमवारी पोलिसांत देणार आहेत."

"त्याने का करावं असं?"

"जळतो तो! हाडं याने मोडून घ्यायची आणि सह्या रॉयसने द्यायच्या. कुणाला सहन होईल?"

"आणि रॉयस? त्याला क्लीटबद्दल काय वाटतं?"

"काहीच नाही. घरी आम्ही मालिका लावतो ना, तर दौड सुरू झाली की रॉयस उठून बर्फ आणायला जातो. क्लीटच्या कामाकडे त्याचं लक्षही नसतं."

व्हर्नाने मान हलवली आणि कोट उचलला.

*

चॅट्सवर्थला उन्हात खडक तापले होते. कपडेपट सांभाळणारी आयोन स्प्रेग गाडीच्या सावलीत बसून एका जाकिटाला बटणं लावत होती.

"मी काल ओरडले हो रॉयसवर," ती म्हणाली. "शेरीफचा पट्टा कमरेला नको? पिस्तूल नको? स्वारी घोड्यावर बसायच्या आधी पट्टा सोडून माझ्या हातात देऊन मोकळी! बोटातली अंगठीसुद्धा. एरवी टोपी बोटभर तिरकी झाली तरी माझ्या नावाने शंख करणारा माणूस."

"रॉयस नेहमी घोड्यावर बसतो?"

आयोन खो खो हसली. "लाकडी घोड्यावर! चेहरा दाखवायचा असला की त्याला चाकांच्या लाकडी घोड्यावर बसवतात आणि दोघं जण ढकलतात. खरं जनावर क्लीटचं, खोगीरही त्याचंच. रॉयस तबेल्याकडे फिरकतसुद्धा नाही, लिदीचा वास सोसत नाही म्हणतो. म्हणूनच परवा संध्याकाळी त्याचे बूट पुसताना मला नवल वाटलं. शिवणीत लीद! दिवसभर तर लाकडावर बसला होता."

"आणि काल स्वतः बसला?"

"क्लीटचा पाय रिकिबीत होता. रॉयस म्हणाला, उतर, आज मी जातो. दिग्दर्शक म्हणाला भरधाव ये, तर हा पठ्ठ्या आयाळ धरून रमतगमत निघाला. वाटेवर खडी होती, ती टाळून ओढ्याच्या वाळूत शिरला. वाळूत गेल्यावर टाच मारली, आणि गेला की आडवा! सगळे हसायला लागले होते, देवा."

मालिकेत शेरीफच्या मदतनिसाचं काम करणारा व्हॉन पेटिबोन आरशासमोर मिशी चिकटवत होता. रॉयस बाजूला झाला तर मालिका त्याच्याच पदरात पडणार होती.

"वाईट वाटलं का विचारताय?" तो म्हणाला. "नाही वाटलं. रॉयसला मी पाण्यात बघतो, हे इथे कुत्र्यालाही ठाऊक आहे. पण मी तंग कशाला कापू? माझ्याकडे क्लीट होता ना!"

"म्हणजे?" गसने विचारलं.

"अहो, मी रोज रॉयसच्या देखत क्लीटची पाठ थोपटतो. काय रंग चढतो चेहऱ्यावर! आणि परवा तर मजाच झाली. तो हॉलंडर आला होता, चित्रपटाचा दिग्दर्शक. रॉयस कित्येक महिने त्याच्या मागे लागला होता. आमचं चित्रण बघून हॉलंडर सगळ्यांसमोर म्हणाला, या घोडेस्वाराची पाठ बोलते, या शेरीफचा चेहरा बोलत नाही. मला तो पाठीवाला द्या. भूमिका क्लीटला देऊ केली, तिथल्या तिथे!"

व्हॉन मिशी दाबत समाधानाने हसला. "त्या दिवशी मी दुपारीच गावात पार्टीला गेलो. इतका खूष होतो मी."

*

क्लीट डोरन्स आपल्या घराच्या पायरीवर बसला होता. रुंद खांदे, वाकडं नाक, आणि बोलताना जमिनीकडे नजर.

"तंग तपासला नव्हता?" व्हर्नाने विचारलं.

"वरून तपासला, बाई. वरून कातडं धड होतं. बसणार तर मीच होतो, मी का कापीन?"

"बसायच्या आधी रॉयसशी काही बोलणं झालं?"

क्लीट अवघडला. "झालं. मी त्याला म्हटलं, हॉलंडरला मी नाही म्हणून सांगितलंय. ती भूमिका रॉयसची आहे, त्यालाच द्या म्हटलंय. माझ्या खिशात दमडी नव्हती तेव्हा यानेच मला कामाला लावलं होतं. वाटलं, खूष होईल. तर पांढराफटक पडला. मी पाय रिकिबीत टाकला तसा धावत आला, दंडाला धरून खेचलं मला. उतर म्हणाला. मला रागच आला."

परतताना गस गाडी चालवत म्हणाला, "व्हॉन पेटिबोन! शंकाच नाही. मालिका त्याला मिळणार."

"गस, काल घोड्यावर बसणार कोण होतं?"

"रॉयस."

"बसला रॉयस. बसणार कोण होतं?"

गसने ब्रेक दाबला. व्हर्ना म्हणाली, "रॉयसच्या घरी घे. आणि क्लीटलाही बोलवू."

*

रॉयस टॅलमन सोफ्यावर होता. उजवा खांदा प्लास्टरमध्ये, पण केस व्यवस्थित विंचरलेले. आर्डिथ त्याच्या उशाशी बसली होती. क्लीट टोपी हातात धरून दाराशीच थांबला.

"रॉयस पडला, म्हणून सगळ्यांना वाटलं घाव रॉयसवर होता," व्हर्नाने सुरुवात केली. "पण रॉयस लाकडी घोड्यावर बसतो. ते खोगीर क्लीटचं. तंग कापणाऱ्याला क्लीट पडायला हवा होता. भरधाव, खडीवर."

आर्डिथ म्हणाली, "क्लीट? त्याच्यावर कोण कशाला जळेल?"

"व्हॉन नाही. क्लीट हे त्याचं हत्यार होतं, हत्यार कुणी मोडत नाही. क्लीट स्वतः नाही, त्याचा पाय रिकिबीत होता. उरला तो माणूस, ज्याला क्लीटची दौड पडद्यावर बघवत नाही. दौड लागली की जो बर्फ आणायला उठतो."

आर्डिथचा हात उशीवरून खाली आला.

"हॉलंडरचे शब्द सगळ्यांसमोर ऐकले, मिस्टर टॅलमन, आणि त्याच संध्याकाळी तुम्ही तबेल्यात गेलात. बुटांच्या शिवणीत लीद होती. दुसऱ्या दिवशी क्लीटने सांगितलं की भूमिका त्याने तुमच्यासाठी सोडली. तेव्हा तुम्ही त्याला खाली खेचलंत. मग पिस्तुलाचा पट्टा सोडलात, म्हणजे पडताना कंबर मोडायला नको. अंगठी काढलीत. आयाळ धरलीत, खडी टाळलीत, वाळू गाठलीत आणि टाच मारलीत. पडायचं आहे हे ठाऊक असलेलाच माणूस अशी तयारी करतो."

"रॉयस," आर्डिथ म्हणाली, "सांग ना यांना, खोटं आहे म्हणून."

रॉयसने तोंड तिच्याकडून वळवलं. इतक्या वर्षांत कॅमेऱ्याला न दिसलेला एक चेहरा आता त्याच्याकडे होता.

"लोक माझ्या पाठीवर प्रेम करतात," तो म्हणाला. "आणि ती पाठ माझी नाही. रस्त्यात पोरं म्हणतात, शेरीफ, तसा घोडा फेकून दाखव. मी हसतो. दर वेळी मला वाटायचं, हा मरावा."

"अरे, मग नुसतं सांगायचं होतं, तंग बघ म्हणून!" गस न राहवून म्हणाला.

"तुला कसं कळलं, असं विचारलं असतं त्यांनी. तेवढी हिंमत नव्हती. पडायची होती."

"आणि माझ्यावर आळ आला तेव्हा?" क्लीटने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"तेव्हाही नव्हती."

मग रॉयसने डाव्या हाताने फोन पुढ्यात ओढला आणि निर्मात्याला लावला. मोजक्या शब्दांत त्याने सगळं सांगितलं. तंग मी कापला. क्लीटला परत बोलवा. हो, शुद्धीवर आहे. पलीकडचा आरडाओरडा खोलीभर ऐकू येत होता. रॉयसने तो शेवटपर्यंत ऐकला आणि रिसीव्हर ठेवला. शेरीफ तिथेच संपला होता. आर्डिथ उठून खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

क्लीट दारातून आत आला. आता हा मारतो, असं वाटून गस मध्ये सरकला. क्लीटने त्याला बाजूला केलं.

"मला हॉलंडरशी बोलायचंय," तो रॉयसला म्हणाला. "ती भूमिका मी करणार आहे."

"तुला बोलता येत नाही कॅमेऱ्यासमोर."

"शिकेन."

रॉयसचा जबडा आवळला. जुना विषारी रंग चेहऱ्यावर चढला आणि तिथेच राहिला. तरी त्याने रिसीव्हर उचलून क्लीटच्या हातात दिला, आणि कुठेही न बघता डाव्या बोटाने हॉलंडरचा नंबर फिरवू लागला. तो त्याला पाठ होता.