उतरायचं राहिलेलं विमान

बसा कुशाबा. मागच्या दाराने बोलावलं म्हणून राग मानू नका, पुढचं दार आज मी उघडलेलंच नाही. आत येता येता तुम्ही जे विचारलंत, त्याच्याकडे येतोच. आधी सगळं ऐका, मग तुम्हीच काय ते सांगा.

आमच्या सुदर्शनचं वेड तुम्हाला ठाऊक आहे. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा. त्याला खेळ म्हटलं की पोरगं चिडायचं, सिम्युलेटर म्हणायचं. इंटरनेटवरून एकेक करत तीनशेच्या वर विमानं त्याने आत भरली होती, प्रत्येकाचं वेगळं फोल्डर. त्यातलं एक दोन सीटचं छोटं विमान मात्र त्याने स्वतः रंगवलेलं, पांढऱ्यावर कांद्याच्या सालीचा रंग. ते घेऊन तो आपल्या अवसरीवरून डिंभ्याच्या धरणापर्यंत जायचा. मला शेजारी बसवून पडद्यावर बोट ठेवायचा, की ही बघा आपली विहीर. मी म्हणायचो, राव, तिच्यात पाणी किती आहे तेवढं सांग.

भाद्रपदात त्याला ताप आला. डेंगी निघाला. दवाखान्यात न्यायला गाडी दारात आली तेव्हा त्याचं विमान हवेत होतं. ते त्याने तिथेच थांबवलं, सेव्ह केलं आणि भिंतीला धरत उठला. म्हणाला, "आप्पा, मी आल्यावर उतरवतो."

चौथ्या दिवशी गेला.

दहाव्याला नदीकाठी तुम्ही होताच. कावळे समोर झाडावर बसून, पण पिंडाला एकही शिवेना. बहिणीने सांगून पाहिलं, मामाने सांगून पाहिलं. ऊन चढलं तसा मी पुढे झालो आणि हात जोडून म्हणालो, "सुदर्शन, तुझं विमान मी उतरवीन." तेव्हा शिवला. म्हातारा बरळतोय असं लोकांना वाटलं असणार.

म्हातारा शिकला मात्र. दुसरी विमानं घेऊन दिवाळीपर्यंत सराव केला, पन्नास वेळा आपटलो. दुसरं करायचं तरी काय होतं? त्याची आई आधीच गेलेली, लेक हर्षाली ओझरला सासरी. दिवस मावळला की बिबट्याच्या भीतीने दार लावायचं, आणि आत मी एकटा. बोलायला म्हणून ते मशीन तेवढं होतं.

पण डिस्क गच्च भरलेली. सिम्युलेटर उघडायला अर्धा तास लागायचा आणि मध्येच बंद पडायचा. पोराचं विमान उतरवताना असं व्हायला नको, म्हणून आधी आवराआवर काढली. मला निवडायची एकच रीत येते, बराखीत साठवलेला कांदा निवडायची. मोठा माल एकीकडे, मध्यम एकीकडे, गोल्टी एकीकडे. नासका असेल तो आधी बाहेर, नाहीतर शेजारचाही नासतो. तशीच विमानं निवडली. ज्या फोल्डरांना चित्र नव्हतं, धड नाव नव्हतं, ती नासकी धरली आणि काढून टाकली. मग कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबाही रिकामा केला.

सिम्युलेटर दोन मिनिटांत उघडला. मी देवाचं नाव घेऊन सुदर्शनची सेव्ह केलेली फेरी लावली. पडद्यावर आलं, हे विमान सापडत नाही.

घरी रंगवलेल्या विमानाला चित्र कुठून असणार? नाव म्हणून नुसता एक आकडा होता. ते जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं. जावईबापू येऊन दोन दिवस शोधत बसले, हाती काही लागलं नाही. पोराला वर हवेतच ठेवून त्याचं विमान मी माझ्याच हातांनी फेकलं होतं. त्या दिवशी मला अन्न गेलं नाही.

सिम्युलेटरमध्ये एक नोंदवही असते, कुठलं विमान किती तास उडालं त्याची. फेकलेल्या विमानाचे तिच्यात दोनशे बारा तास होते. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दोनशे छत्तीस. तिसऱ्या दिवशी दोनशे साठ. मशीन बंद ठेवलं तरी रोज चोवीस वाढायचे. हर्षाली म्हणाली, बिघाड असेल, तुम्ही इकडे राहायला या. मी गेलो नाही. त्या विमानात चार तासांचंच पेट्रोल मावतं, हे मला सुदर्शननेच शिकवलं होतं.

म्हणून पौषात कांद्याची लागण केली तेव्हा घरासमोर वावराच्या मधोमध बारा पावलं रुंद पट्टी सोडली. फळी मारून सपाट केली. ओट्यावरचा दिवा रात्रभर चालू ठेवू लागलो. लागणीला आलेली सरूबाई म्हणाली, "आप्पा, एवढी चांगली जिमीन मोकळी का सोडली?" मी म्हटलं, पाव्हणा यायचाय. बाया हसल्या.

आज सकाळी नोंदवही उघडली. तास थांबलेले. उतरल्याची वेळ, पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. ठिकाण कोरं. जीव भांड्यात पडला, कुशाबा. मी तिथेच बसून रडलो.

मग खालची ओळ दिसली. तेच विमान, नवी फेरी. निघण्याची वेळ अजून भरलेली नाही. सुदर्शन कायम एकटाच उडायचा, प्रवाशांच्या रकान्यात आजवर शून्य होतं. या ओळीत एक आहे.

तेव्हापासून आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बसलोय. भीती वाटते. आणि खरं सांगू, सहा महिन्यांत आज पहिल्यांदा घर रिकामं वाटत नाही. ही विहिरीवरच्या मोटरीची किल्ली तुमच्याकडे असू द्या. हर्षालीला फोन संध्याकाळी करा, आत्ता नको.

आता तुमचा प्रश्न. कांद्याची मान पडून पात लोळायला अजून महिना आहे. सकाळपासून वारा नाही. तरी बांधावरून येताना तुम्ही पाहिलंत, आणि आत पाय टाकता टाकता मला विचारलंत, "आप्पा, पट्टीकडंची पात समदी आडवी लोळतीया, दिसत तर कायच न्हाई. आन् तुमच्या पुढच्या दारी ही घरघर कशाची व्हतीया...?"