मगावर उतरलेली आई

मगावर छापायचं चित्र आधी कागदावर उलटं काढावं लागतं, आरशात दिसतं तसं. तो कागद मगाला गुंडाळून गरम यंत्रात दाबला, की चित्र सुलटं उतरतं. हे काम तिच्या हातात इतकं बसलं होतं, की डोळे मिटूनही झालं असतं. आज मात्र संगणकाच्या पडद्यावर आई होती.

तिने फोटोतली मागची भिंत पुसली, कपाळावरच्या बटा एकेक करून सोडवल्या. ओठांना हात लावला नाही.

"जरा हसव ना तिला," दादा मागून म्हणाला. दुकान दोघा भावंडांचं, पण हुकूम त्याचा. "नातेवाइकांना वाटायचेत. असं शिवल्यासारखं तोंड कशाला?"

"तिचं तोंड असंच होतं."

"तूही ना, अगदी तिच्यावर गेलीयस."

तिने राग गिळला आणि फाइल छपाईला सोडली.

शेवटच्या महिन्यांत आईचा आवाज गेला, तेव्हा ती आईचे ओठ वाचायला शिकली होती. दादा म्हणायचा, तिला बोलताच येत नाही, तर येऊन करू काय? आला तो थेट शेवटच्या दुपारी. ती औषध आणायला गेली, तेवढा वेळ आईपाशी तो होता. ती परतली तेव्हा सगळं संपलं होतं. "शांत झोपेत गेली, काही मागितलं नाही," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. जणू ती त्याचीच पुण्याई.

आता तो यंत्रातून निघालेले मग फळीवर मांडत होता. एकदम खुलला.

"अगं, हसवलीस की शेवटी! उगाच भाव खात होतीस."

ती उठून फळीपाशी गेली. फाइल एकच, सगळे मग जुळ्या भावंडांसारखे निघायला हवे होते. पहिल्यावर आईचे ओठ घट्ट मिटलेले. पुढच्यावर किंचित विलगलेले. त्यापुढच्यावर तोंड उघडं, ओठांची सालपटं निघालेली. शेवटच्यावर ओठांचे कोपरे ताणलेले. दादाला तेच हसू वाटलं होतं.

तिने पडद्याकडे पाहिलं. तिथे ओठ मिटलेलेच होते.

ती पुन्हा पहिल्या मगापासून शेवटच्यापर्यंत ओठ वाचत गेली. ती दादाकडे वळली.

"दादा, त्या दुपारी तू कुठे होतास?"

"तिच्यापाशी."

"कुठे?"

"फोन आला होता गं. गॅलरीत गेलो, दार ओढून घेतलं, एवढंच. तिने हाक मारली असती तर..."

फळीकडे न बघता त्याने विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"पाणी."

दादाने शेवटचा मग उचलला, धडपडत नळाखाली धरला, काठोकाठ भरून टेबलावर ठेवला.

पाणी खाली उतरू लागलं.

टेबल कोरडं होतं.

मगाचा तळ दिसला. बाहेरच्या बाजूला आईचे ओठ आता मिटलेले होते.

"झालं," दादा पुटपुटला.

"नाही. ती पुन्हा पहिल्यापासून सांगतेय," ती म्हणाली. "भर."