दोन सॉसेजांचा अर्थ

विशेष अभियोक्त्याची नेमणूक न्यायालयाने रद्द केली. निदान एका वाहिनीवर, कपातली कॉफी निवेपर्यंत, ती रद्द होती. मग वाहिनीने बातमी मागे घेतली, निवेदिकेने केस सारखे केले आणि असं काही घडलंच नव्हतं, असं ठरलं. आपणही तसंच धरून चालू.

त्या वसंतात वॉशिंग्टनमध्ये एका माजी मंत्र्याची चौकशी चालू होती. मंत्र्याचे वकील म्हणत होते की चौकशी करणाऱ्या अभियोक्त्याची नेमणूकच बेकायदा आहे. अभियोक्ता काहीच म्हणत नव्हता. त्याच्या कचेरीतलं कुणीच चकार शब्द काढत नव्हतं, त्यामुळे उरलेल्या शहराला बोलावं लागत होतं. न्हावी बोलत, टॅक्सीवाले बोलत. दाताचे डॉक्टर समोरच्याला आ करायला लावून एकटेच बोलत.

वेंडेल प्रूइटला तर बोलण्याचा पगार होता. न्यायालयाच्या पायऱ्यांसमोर उभं राहायचं, कोण आत गेलं, कोण बाहेर आलं ते बघायचं आणि त्यावरून देशाचं काय होणार ते वाहिनीला कळवायचं.

एका दुपारी भुरभुर पाऊस पडत होता. वेंडेल सॉसेजच्या गाडीपाशी रांगेत उभा होता. पुढे एक मुलगी – छत्री नाही, केसांवर थेंब, काखेत फायलींचा गठ्ठा. तिने दोन सॉसेज घेतले, कांदा जास्त. वळताना ती त्याच्यावर आदळली आणि तिच्या सॉसेजवरचा मोहरीचा सॉस त्याच्या टायला लागला. ती ओशाळून हसली… आणि वेंडेलच्या छातीत काहीतरी जागचं हललं. मग त्याने तिला ओळखलं. अभियोक्त्याच्या कचेरीतली तरुण वकील, कॉरिन हॅस्केल. धडधडत्या छातीने त्याने फोन लावला आणि कर्तव्य बजावलं : दोन सॉसेज, कांदा जास्त.

संध्याकाळी वाहिनीवर चार तज्ज्ञ बसले. एकाच्या मते दुसरा सॉसेज गुप्त साक्षीदाराचा होता. दुसऱ्याने जादा कांद्याकडे लक्ष वेधलं. साक्षीदार लवकरच रडणार होता.

दुसऱ्या दिवशी कॉरिन गाडीपाशी थेट त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“काल टीव्हीवर माझं जेवण होतं.”

“तो साक्षीदार कोण, सांगाल?”

“टिप्पणी नाही.” तिने आजूबाजूला पाहिलं. “भूक लागली होती मला. दोन्ही मीच खाल्ले. आणि याला दुजोरा समजू नका.”

वेंडेलने ही बातमी दिली नाही. त्याच्या कारकिर्दीतली ती पहिली दडवलेली बातमी.

मग दुपार झाली की दोघं गाडीपाशी भेटू लागली. खटल्याबद्दल बोलायची बंदी, म्हणून हवामानाबद्दल बोलत. वॉशिंग्टनच्या ढगांवर इतक्या प्रेमाने कुणी कधी बोललं नसेल. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. एकदा वेंडेलने तिला रात्री जेवायला येतेस का विचारलं. कॉरिनने नियम सांगितला : ती कचेरीत आहे आणि तो पत्रकार आहे तोवर एका टेबलावर बसायचं नाही.

“आणि नेमणूकच रद्द झाली तर?”

“तर कचेरी बंद. मी बेकार… आणि मोकळी.” तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “ती नेमणूक वाचवणारं न्यायालयातलं उत्तर मी महिनाभर रात्रंदिवस लिहितेय, वेंडेल. माझ्या वाईटावर टपलायस तू.”

टपला होता खरा. आणि ती हरू नये, असंही त्याला तितकंच वाटत होतं. या दोन इच्छांमुळे त्याला धड जेवण जाईना.

नेमणुकीच्या निकालाचा दिवस आला. आत फोन न्यायची बंदी, म्हणून वाहिनीने वेंडेलला दोन मफलर दिले होते. नेमणूक टिकली तर धावत बाहेर येऊन हिरवा फडकवायचा, रद्द झाली तर लाल. न्यायाधीश संथपणे वाचत होते. वेंडेलने ऐकायला हवं होतं. तो पुढच्या बाकावरच्या कॉरिनकडे बघत होता. अचानक तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलू लागले. खुणांवरून अर्थ काढायची सवय जडलेल्या माणसाने अर्थ काढला : हरली. त्याला तिची इतकी दया आली की तो पायऱ्या उतरेपर्यंत रडवेला झाला होता. त्याने लाल मफलर फडकवला.

आत नेमणूक कायम झाली होती. कॉरिन आनंदाने रडत होती.

दुपारपर्यंत वेंडेलची नोकरी गेली. मफलरही परत घेतले. तो गाडीशेजारी कट्ट्यावर बसला होता, तेव्हा ती आली.

“मी जिंकले,” ती म्हणाली.

“कळलं. जरा उशिरा कळलं.”

“तू निकाल ऐकत नव्हतास?”

“तुझ्याकडे बघत होतो.”

ती त्याच्याशेजारी कट्ट्यावर बसली.

“म्हणजे तू आता पत्रकार नाहीस?”

“ओळखपत्रही काढून घेतलं.”

“मग बसतं की नियमात.”

“काय बसतं?”

“आजचं जेवण,” ती म्हणाली. “आणि… उद्याचं. परवाचं. तुझी हरकत नसेल तर.”

“टिप्पणी नाही,” वेंडेल म्हणाला. पण त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि त्याचा अर्थ लावायला तज्ज्ञ नको होता.

रात्री दोघं एका खाणावळीत खिडकीशी बसली. बाहेर वेंडेलच्या जुन्या वाहिनीचा कॅमेरा होता. कॉरिनने त्याच्या ताटातला तळलेला बटाटा उचलला, आणि तिकडे चार तज्ज्ञांत जुंपली : ही तडजोड, की माफीचा साक्षीदार?

सकाळी न्यायालयात एक अर्ज दाखल झाला. अर्जदार क्रमांक एक, कॉरिन हॅस्केल. अर्जदार क्रमांक दोन, वेंडेल प्रूइट, बेकार.

“सबब विनंती की, अर्जदारांनी एका ताटात खाल्लेल्या अथवा यापुढे जन्मभर खावयाच्या बटाट्यांवरून कोणताही अर्थ काढण्यास सर्व वाहिन्या, न्हावी, टॅक्सीचालक व दंतवैद्य यांस कायमची मनाई करण्यात यावी.”