दाराला टेकलेली काठी

चहा घे आणि खुर्ची चुलीजवळ ओढ. सांगते, पण मध्येच ‘घाबरलात का’ असं विचारू नकोस. घाबरले होते, झालं.

त्या उन्हाळ्यात माझा नवरा येर्मोलाय तालुक्याच्या इस्पितळात बेशुद्ध पडला होता. जंगलात ओंडका डोक्यात बसलेला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. सासूबाई, उस्तिन्या, म्हणाल्या, “अन्फिसा, त्याचा सदरा घे. ओल्माच्या क्रुसाला बांधून येऊ.” आमच्या पिनेगा नदीवर ही रीतच आहे, माणूस अडला की नवसाच्या क्रुसाला त्याचं कापड बांधायचं. ओल्मा हे सासूबाईंचं माहेर. आता तिथं कुणी राहत नाही.

होडी मी हाकली. जन्म या नदीकाठी गेला, तरी तिचं कौतुक काही संपत नाही बघ. पांढरे कडे थेट पाण्यात उतरलेले, वर पाइनची झाडं, आणि वळण घेतलं की ओल्माचं जुनं चर्च. सगळं लाकडाचं, उन्हापावसानं करडं पडलेलं, पण अजून ताठ.

“आमच्या पणज्यांनी नुसत्या कुऱ्हाडीनं बांधलंय,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तुझ्या नवऱ्याला एक फळी सरळ ठोकता येत नाही.” एवढ्या दुःखातही बाईंची जीभ गप्प बसत नव्हती.

क्रूस माझ्या दुप्पट उंच. सदरा बांधल्यावर सासूबाईंनी त्या लाकडावर कपाळ टेकवलं, ते बराच वेळ उचललंच नाही.

मग पाऊस आला, वारा सुटला, परतायची सोय राहिली नाही. सासूबाईंच्या कधीच्याच वारलेल्या आईच्या घराच्या दाराला काठी टेकवलेली होती. आमच्याकडे कुलूप कोण लावतंय? बाहेरून काठी टेकवली म्हणजे घरात कुणी नाही, आणि मग परकं माणूस आत पाऊल टाकत नाही. हे घर आपलंच, म्हणून मी काठी काढून बाहेरच बाजूला ठेवली.

चूल पेटवली, सोबतचा मासा आणि भाकरी खाल्ली. उन्हाळ्यात आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, रात्रीही काळोख पडतच नाही. खिडकीत फिकट उजेड होता, घरभर जुन्या लाकडाचा ओलसर वास. तेवढ्यात नदीकडून कुणीतरी चालत येऊ लागलं. एक पाय जरा ओढत. येर्मोलाय लहानपणापासून तसाच चालतो.

मी उठले. “आई... हे तर...”

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. “तो इस्पितळात आहे. खाली बस.”

“पण काठी मी...”

“काढलीस ना? आता गप्प राहा. नाव घेऊ नकोस... हाक मारू नकोस.”

पावलं पायरीशी आली. त्याला आत घ्यावं असं मला फार वाटत होतं, खोटं कशाला बोलू. इतक्यात दाराबाहेर, अगदी जवळ, लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज झाला. हलक्या हातानं, घरच्या बाईनं टेकवावं तसा. पावलं थांबली. मग पाय ओढत नदीकडे परत गेली.

सकाळी दार आत ओढलं, तर काठी माझ्या पायाशी पडली. निघताना मीच ती परत दाराला टेकवली. नीट आठवतंय मला.

इस्पितळात येर्मोलाय उशीला टेकून बसला होता. सासूबाई आधी रडल्या, मग दाढी वाढवली म्हणून त्याला रागावल्या.

“स्वप्नात आजीच्या घरी गेलो होतो,” तो म्हणाला. “फार गारठलो होतो. धुराड्यातून धूर दिसत होता. पण दाराला काठी होती, म्हणून फिरलो मागे.”



पानं पिवळी पडल्यावर तिघं नवस फेडायला ओल्माला गेलो. लख्ख ऊन होतं. क्रुसावर सदरा नव्हता. सासूबाईंनी घराकडे पाहिलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

“आई घरी आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “चला... लगेच चला.”

येर्मोलाय मात्र पायवाटेला लागला होता. आम्ही धावत जाऊन त्याचे दोन्ही हात धरले. तो चिडला नाही, हसलाच.

“अगं, सोडा की,” तो म्हणाला. “आता काठी नाही ना दाराला.”

ओढतच त्याला होडीत आणलं. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. धुराड्यातून धूर येत होता.