मावशीला खेळात घ्यायचं नाही

खालून अबोलीचा आवाज आला, मोठ्ठा, मोकळा... आणि शकुनच्या काळजात कळ उठली. पुन्हा जाऊबाईंकडेच!

अकोल्याला बहीण वारल्यावर सात वर्षांच्या या भाचीला शकुननं अमरावतीला आणलं होतं. बापाचा पट्टा लेकरानं फार सोसला होता. खेळताना जरा आवाज झाला तरी मार बसायचा. तिच्यासाठी शकुननं शाळेतली नोकरी सोडली, हौसेनं भातुकली आणली. पण वरच्या मजल्यावर अबोली ती भांडी नुसती रांगेत मांडायची, मुकाट. एखादं पडलं की कान झाकून घ्यायची. आणि खाली जाऊबाईंच्या, कौशल्याबाईंच्या ओसरीवर मात्र तासन्तास रमायची! असं काय केलं होतं त्या बाईनं? नुसतं भुईवर बसून राहणं! मत्सरानं शकुनचं मन करपून गेलं होतं.

ती तरातरा जिना उतरली. अबोली हातात लाटणं उगारून ओरडत होती, "आवाज काहून केला? काहून केला?" आणि समोर कौशल्याबाई अंग चोरून बसल्या होत्या.

"बाई, हे काय शिकवून राहिल्या तुमी माह्या पोरीले?" शकुन कडाडली.

लाटणं गळून पडलं. अबोली भिंतीला चिकटली, पांढरीफटक. "मी नव्हती खेळत... मी नव्हती खेळत..."

शकुन जागीच थिजली. आपल्या तोंडून त्या पोरीला कुणाचा आवाज ऐकू आला असेल!

"म्या नाही शिकवलं," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या. "रोज ती बाप होते अन् मले अबोली करते. मारते, मंग मलेच पोटाशी धरून रडते. म्या इचारलं, मावशीले बोलवू का खेळाले? तर नोको म्हणते."

"काहून?" शकुननं विचारलं.

उत्तर भिंतीकडून आलं.

"मावशीले लागन."

शकुनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ज्या खेळात मार होता, त्यातून त्या इवल्याशा जिवानं एकट्या तिलाच वाचवलं होतं... आणि ती मात्र इतके महिने जळत राहिली होती!

पोरीला कवटाळावंसं वाटलं, पण ती अजून थरथरत होती. शकुननं लाटणं उचलून कौशल्याबाईंपुढे ठेवलं, त्यांच्या पायांना हात लावला.

"चुकलं माहं, बाई. तुमीच बसा तिच्यासंगं. खेळ मोडू नोका."

"ये शकुन, तूही बस," कौशल्याबाईंचे डोळे भरले.

"ती बोलवन तवा येईन."

मत्सर काही एका क्षणात विझत नाही. तो तसाच गिळून शकुन जिन्याच्या पायरीवर बसून राहिली, पदर तोंडाशी धरून... खालचा खेळ पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत.