पहिल्या पोस्टमास्तरांचं नाव

आल्माबुलाकच्या पोस्टाचं दार पाऊस लागला की फुगतं. गावातल्या माणसांना हे ठाऊक आहे. ती खांद्याने एक धक्का देतात आणि आत येतात. परक्या माणसाला कोण सांगणार? त्या दिवशी बेगिमायने बाहेर डोकावायला दार आतून ओढलं, नेमकं तेव्हाच बाहेरून कुणीतरी जीव खाऊन ढकललं… आणि एक उंच, चिंब भिजलेला तरुण पत्र्याच्या पाट्यांच्या पिशवीसकट तिच्या पायाशी येऊन पडला.

खडखडाट ऐकून आतल्या खोलीतून पोस्टमास्तर सोनुन एजेंनी, म्हणजे सोनुनताईंनी, विचारलं, "पार्सल आलं का गं?"

"आलंय," बेगिमाय म्हणाली. "पण पत्ता नाही त्याच्यावर."

तरुण उठून बसला. कपाळावरचे ओले केस मागे सारत हसला. "पत्तेच घेऊन आलोय. घरांना नंबर लावायला पाठवलंय मला. कुठल्या घरात कोण राहतं, ते पोस्टाइतकं कुणाला माहीत असणार?"

हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडायची. बेगिमायला ती दिसली, आणि दिसली हे कुणाला कळू नये म्हणून ती उगाचच पाट्या गोळा करायला लागली.

त्याचं नाव एल्दियार. बिश्केकहून आलेला. आल्माबुलाकमध्ये दोनशे चाळीस घरं, आणि एकालाही नंबर नव्हता. कधी अडलंही नव्हतं. 'पाणचक्कीच्या वर, दोन जर्दाळूंच्या झाडांमधलं घर' एवढं पाकिटावर लिहिलं की पत्र पोचायचं. पण सरकारला कोण समजावणार?

त्याच शरद ऋतूत पोस्टाला नव्वद वर्षं पुरी होत होती. शाळेच्या सभागृहात समारंभ ठरला होता आणि पोस्टाचा इतिहास वाचून दाखवायचा होता. सोनुन एजेंनी तो बिनदिक्कत बेगिमायच्या गळ्यात मारला. "तुझं अक्षर चांगलं आहे," त्या म्हणाल्या आणि मोकळ्या झाल्या.

हे ऐकून एल्दियार जरा घुटमळला. "इथले पहिले पोस्टमास्तर… ताश्तानबेक… माझे आजोबा. वडिलांचे वडील. वडील शिकायला म्हणून बिश्केकला गेले ते तिकडचेच झाले. त्यांचं काही असेल तर… मला बघायला मिळेल का?"

मिळेल का म्हणे. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो रोज हजर. जुनं कपाट उघडायचं, धूळ झटकायची, चहा ओतायचा. तिथल्या रीतीप्रमाणे ती पेला अर्धाच भरायची, म्हणजे माणसाने पुन्हा मागावा. तो पुन्हा पुन्हा मागायचा. चहा एवढा कुणाला आवडतो?

एकदा कपाटाच्या तळाशी एक लांबट वही सापडली. एल्दियारने वाचलं, "'टोपीवाले बाबा, म्हणजे मामितबेक. सून आयझादा.' हे काय आहे?"

"शहरातल्या सुना विसरल्या वाटतं," बेगिमाय म्हणाली. "सून सासरच्या थोरल्यांचं नाव घेत नाही. सासऱ्याचं पत्र न्यायला यायच्या बिचाऱ्या, आणि 'कुणाचं पत्र?' विचारलं की तोंडाला कुलूप. तासन्‌तास उभ्या राहायच्या. मग तुमच्या आजोबांनी ही वही केली. कुठली सून घरात सासऱ्याला काय म्हणते, ते त्यांनी आपल्या पांढऱ्या घोड्यावरून घरोघर फिरून लिहून घेतलं. खिडकीशी येऊन 'टोपीवाले बाबा' म्हणायचं, की पत्र हातात."

"आणि नवऱ्याच्या आजोबांचं नाव?"

"त्यांचं तर नाहीच नाही."

"ते हयात नसले तरी?"

"गेले म्हणून थोरलेपण जातं की काय?"

तो पेल्याच्या कडेवरून तिच्याकडे बघत राहिला. "तू माझ्या आजोबांचं नाव मात्र बिनधास्त घेतेस."

"घेणारच. मी काय तुमच्या घरची सून आहे?" बेगिमाय ठसक्यात म्हणाली. "ताश्तानबेक. ताश्तानबेक. झालं समाधान?"

एल्दियारचे कान लाल झाले. तिचेही झाले, पण तिचे रुमालाखाली होते.

पुढचे दिवस कसे गेले ते दोघांनाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी पोस्ट बंद झालं की तो पाट्या ठोकायचा आणि ती खिळे धरायची. गल्लीतल्या म्हाताऱ्या फाटकाशी उभ्या राहून बघायच्या. "एक पाटी लावायला दोन माणसं लागतात का रे?" त्यांच्यातल्या बुर्मा आजी विचारायच्या.

"भिंत कडक आहे, आजी," तो म्हणायचा.

"भिंत मातीची आहे, बाळा."

शेवटच्या गुरुवारी मात्र त्याने दुसरा पेला मागितला नाही. "सोमवारी अकराची गाडी आहे," तो हळूच म्हणाला. "आता बातकेनला. तिकडे चारशे घरं आहेत."

"छान," बेगिमाय म्हणाली.

छान. दुसरा शब्द सुचला नाही मेलीला. रात्रभर ती स्वतःच्याच जिभेवर चिडत राहिली. बातकेन म्हणजे देशाचं दुसरं टोक. सोमवारी हा माणूस न बोलता गाडीत बसला की संपलं, पुन्हा कशाला येईल तो? आणि तो बोलणाऱ्यांतला नव्हताच. ताटातला जर्दाळू उचलायलासुद्धा दोनदा विचारायचा. मग तिने बोलायचं? मुलीने? आल्माबुलाकमध्ये? तिला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता, आणि ते सांगायची एकही वाट तिला दिसत नव्हती.

रविवारी सभागृह खच्चून भरलं होतं. पुढच्या रांगेत पांढऱ्या रुमालातल्या म्हाताऱ्या, मागे भिंतीला टेकून एल्दियार. बेगिमाय कागद घेऊन उभी राहिली. सकाळी घरी तिने सगळं घडाघडा वाचलं होतं, एकदाही न अडखळता.

"आपल्या पोस्टाचे पहिले पोस्टमास्तर…" तिने सुरुवात केली. आणि थांबली.

नाव समोर लिहिलेलं होतं. तिच्याच अक्षरात. तिने वर पाहिलं. मागे भिंतीशी तो उभा होता, टोपी हातात चुरगाळत. तिची जीभ उचलेना. ठरवून करायला गेली असती तर तिला हे जमलंच नसतं.

"आपले पहिले पोस्टमास्तर…"

एल्दियारला वाटलं, बिचारी घाबरली. त्याने हाताचा द्रोण केला आणि मागून मदत केली, "ताश्तानबेक."

बेगिमायने मान खाली घातली.

"ताश्तानबेक," तो आणखी मोठ्याने म्हणाला.

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. बुर्मा आजी वळून बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अरे गप बस की, गाढवा. सुनेला आजेसासऱ्याचं नाव घ्यायला लावतोस?"

सभागृहात जो हशा पिकला, तो पिकला. एल्दियारचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूहळू त्याला उमगलं, आणि तो भिंतीवरून घसरून खालीच बसतो की काय असं वाटलं. आणि बेगिमाय? तिने शांतपणे कागद सरळ केला. "आपले पहिले पोस्टमास्तर, पांढऱ्या घोड्यावरचे आजोबा," ती स्पष्ट आवाजात म्हणाली आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. कार्यक्रमानंतर म्हाताऱ्यांनी तिला असा गराडा घातला की एल्दियारला तिच्या जवळपासही फिरकता आलं नाही.

सोमवारी दहा वाजता तो बॅग घेऊन खिडकीशी आला. रात्रभर झोपला नसावा. त्याने एक उघडं कार्ड आत सरकवलं.

'आई, कानातली घेऊन आल्माबुलाकला ये. कुणाच्या कानात घालायची, ते इथे सगळ्या गावाला ठाऊक आहे.'

मुलाच्या आईने मुलीच्या कानात ती घातली की लग्न ठरलं. बेगिमायने कार्ड दोनदा वाचलं. अक्षरं हलायला लागली होती.

"फोन नाही का तुझ्याकडे?" तिने विचारलं. 'तुमच्याकडे'चं 'तुझ्याकडे' कधी झालं, तिलाही कळलं नाही.

"आहे की. पण आधी… तुला विचारायचं होतं. तोंडाने जमेना. टाकायचं की नाही ते तूच ठरव."

तिने शिक्का उचलला आणि कार्डावर जोरात मारला. "पहिल्या दिवसापासून आवडतोस तू मला," ती म्हणाली. "इतके दिवस लागतात का रे विचारायला?"

आतून सोनुन एजेंचा खोकला ऐकू आला. कार्ड टपालाच्या पिशवीत टाकलं असतं तर गुरुवारी निघालं असतं. तेवढा धीर कुणाला? बेगिमायने सकाळी दहा वाजता 'जेवणाची सुट्टी'ची पाटी लावली, कार्ड मुठीत घेतलं आणि त्याच्याबरोबर भर रस्त्याने गाडीतळापर्यंत चालत गेली. फाटकाफाटकातून गाव बघत होतं. बघू दे. बातकेनच्या गाडीशेजारी बिश्केकची गाडी सुटायच्या बेतात होती. कार्ड तिने तिच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं आणि आजच्या आज पोचवायची तंबी दिली.

"बातकेनला रोज पंचवीस पाट्या ठोकीन," एल्दियार आपल्या गाडीच्या पायरीवर उभा राहून म्हणाला. "सोळा दिवसांत परत येतो."

"पंचवीस? इथे तर दिवसाला बारासुद्धा होत नव्हत्या तुझ्या."

"इथून जायची घाई कुणाला होती?" तो म्हणाला.