शांततेचा तास

बस वळणावर कलली, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक पाय शेजारच्या माणसाच्या मांडीवरच्या अंड्यांत घुसला.

"आवरा हो तुमचं जनावर!" तो ओरडला. "दोघांचा जीव घेतला त्यानं!"

"अगं बाई... माफ करा हं. बाजारात उतरले की नवी घेऊन देते."

"राहू द्या. तशीही ती आज उकळत्या पाण्यातच जाणार होती." तो हसला. हसताना त्याचे कान किंचित हलायचे. माझं लक्ष उगीचच तिकडे गेलं... आणि तिथेच राहिलं.

जावातल्या वोनोसोबोहून डिएंगच्या पठाराकडे चढणाऱ्या त्या छोट्या बसच्या काचांना धुकं चिकटलं होतं. बाहेर बघायला काही नव्हतं, म्हणून मी बोलत सुटले. माझं नाव वेनिंग. आमच्या भाषेत त्याचा अर्थ निवांत, निःशब्द. आईवडिलांचा अंदाज साफ चुकला, दुसरं काय! वर्गात शिक्षक आणि मुलं एकमेकांशी कशी बोलतात याचा अभ्यास विद्यापीठात करते, असं मी त्याला न विचारताच सांगितलं.

"मग? सापडलं काही?"

"एकच सापडलं. मास्तर प्रश्न विचारतात, आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होतात. दम म्हणून नसतो त्यांना!"

"अरेरे," तो गंभीरपणे म्हणाला. "असतात खरे असे लोक."

तासाभरानं मी शाळेत पोचले, मागच्या बाकावर बसले, कॅमेरा लावला. दार उघडलं आणि विज्ञानाचे शिक्षक आत आले. हातात अंडी. मुलं एका सुरात ओरडली, "सलामत पागी, पाक दानार!" म्हणजे, सुप्रभात, दानार सर. त्यानं माझ्याकडे पाहून मान लववली. कान हलले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

निरीक्षकाला दोनच नियम असतात. वर्गात तोंड उघडायचं नाही. आणि बघायचं ते मुलांकडे, शिक्षकाकडे नाही. पहिला नियम मला जड जाईल असं माझ्या मार्गदर्शक बाईंना वाटत होतं. जड गेला तो दुसरा. बाईंनी तिसरीही एक गोष्ट बजावली होती: "ज्या वर्गात तुझा जीव गुंतेल, तो वर्ग अभ्यासातून काढून टाकायचा. गुंतलेल्या डोळ्यांना खरं दिसत नाही." आणि माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा या एका वर्गावर उभा होता.

दानार शिकवायचा झकास. मुलं हसून हसून लोळायची. पण प्रश्न त्याचा, उत्तरही त्याचं. खिडकीशी बसणारी रात्मी वरच्या गावातून यायची. तिचा आवाज मी आठवडे उलटले तरी ऐकला नव्हता. तोंड उघडायची, आणि तेवढ्यात दानार पुढे निघून गेलेला असायचा.

शाळा सुटली की फाटकाबाहेरच्या टपरीवर तो मला गरमागरम तेंपे खिलवायचा. आंबवलेलं सोयाबीन, पिठात बुडवून तळलेलं, कडा कुरकुरीत.

"मिरची घेणार ना? घेणारच. चहा? गोडच हवा तुम्हाला. थंडी वाजतेय? वाजणारच, शाल कुठाय?"

"पाक दानार, तुम्ही मला विचारताय की सांगताय?"

"म्हणजे?"

"एवढं सगळं विचारलंत... आणि मला एक तरी उत्तर देऊ दिलंत?"

त्याचा हात मिरचीवरच थांबला. कान लाल झाले. "वर्गातही... असंच करतो मी?"

"वर्गातही."

"पण मुलं खूश असतात!"

"हसतात खरी. बोलतात का?"

त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, झालं, दुखावला. मग हळूच म्हणाला, "वर्गात शांतता पसरली ना, की भीती वाटते हो मला. वाटतं, कुणाला काही आलं नाही, म्हणजे मीच नापास."

त्या क्षणी त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला मला. अगदी खरं सांगते. फिरवला नाही. नुसतं म्हटलं, "एकदा थांबून बघा. काही करू नका. नुसतं थांबा."

मग आला खुला तास. शाळेतले सगळे शिक्षक तो बघायला भिंतीला टेकून उभे, मध्ये मुख्याध्यापिका बू मार्सियाह, म्हणजे मार्सियाह बाई. मी मागच्या बाकावर, तोंडाला कुलूप.

दानारनं अंडं हातात धरलं. "वर डिएंगला पाणी खालच्यापेक्षा लवकर उकळतं. तरी तिथे अंडं शिजायला जास्त वेळ लागतो. का?"

आणि तो थांबला.

बाक करकरला. कुणीतरी खोकलं. बू मार्सियाहनी चष्मा काढून पुसला. मी मुलांकडे बघायला हवं होतं. मला दिसत होती फक्त त्याची बोटं, फळ्याच्या पेनाचं टोपण काढणारी, लावणारी, पुन्हा काढणारी... कान लालबुंद. सगळ्यांसमोर तो एकटा उभा होता, आणि त्याला तसं उभं राहायला मी सांगितलं होतं.

"कारण वर हवेचा दाब कमी असतो!"

आवाज माझा होता.

सगळा वर्ग वळला. खिडकीशी रात्मीचा अर्धा वर आलेला हात पुन्हा बाकाखाली गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दानारनं माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. एखाद्या लहान मुलीला करावं तसं ओठांवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "बू वेनिंगना येतं, हे कळलं. पण त्यांची परीक्षा कधीच झालीय." मुलं खिदळली. "परीक्षा तुमची आहे. तुमच्या घरी काय होतं ते सांगा."

आणि पुन्हा थांबला. आधीपेक्षा जास्त.

"पाक..." रात्मीचा आवाज धुक्यातून यावा तसा आला. "आमच्या घरी पाणी उकळतं लवकर... पण इथल्याइतकं तापलेलं नसतं ते. बुडबुडे बघून आई फसते. बटाटे कच्चेच निघतात."

"तापलेलं नसतं हे तुला कसं कळलं?" हे दानारनं नाही, पुढच्या बाकावरच्या एकानं विचारलं. मग दुसऱ्यानं. मग काय, सगळा वर्ग एकमेकांशी भांडायला लागला. दानार भिंतीला टेकून नुसता ऐकत होता. मला नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते.

तासानंतरच्या बैठकीत रीतीप्रमाणे प्रत्येकजण "छान झालं, छान झालं" म्हणाला. माझी पाळी आली.

"माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही," मी म्हणाले. "मी आज मुलांकडे बघितलंच नाही. आजच काय... बरेच दिवस झाले. हा वर्ग मी अभ्यासातून काढून टाकतेय."

"मग कुणाकडे बघत होतीस, मुली?" बू मार्सियाहनी विचारलं.

सगळ्यांना आपापल्या चहात अचानक काहीतरी सापडलं. आमच्या जावात अशा प्रश्नाचं उत्तर कुणी चारचौघांत देत नाही. मीही दिलं नाही. बू मार्सियाहनी तेंपेची बशी माझ्यापुढे सरकवली आणि पुढच्या आठवड्यातल्या खेळांचा विषय काढला. म्हणजे त्यांना कळलं होतं.

दानार मागोमाग व्हरांड्यात आला. समोरचं मैदान धुक्यानं गिळलं होतं.

"वर्षभराचं काम होतं ना ते?"

"दुसरी शाळा शोधेन. पुन्हा करेन."

"मग इथे परत यायचं काही कारण उरलं नाही तुम्हाला."

"नाही उरलं."

"मध्येच का बोललात? थांबायला तर तुम्हीच शिकवलंत."

"तुम्ही एकटे उभे होतात..." पुढचं मला आवरलंच नाही. "मला नाही बघवलं. मुलांचं काय व्हायचं ते होवो, अभ्यासाचं काय व्हायचं ते होवो, तुम्ही तसे उभे असलेले मला बघवेना. जीव तुटला माझा. बस्स, आता हसा!"

तो हसला नाही.

"वेनिंग..." म्हणाला. नुसतं वेनिंग, मागेपुढे काही नाही. मग तोंड उघडलं, मिटलं. खांबावरचा सुटलेला रंग नखानं खरवडला. पुन्हा तोंड उघडलं... आणि पुन्हा मिटलं.

अशा शांततेवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. समोरचा शब्द जुळवत असतो, त्याला घाई करू नये, असं ठणकावून सांगितलं आहे. पण ती दुसऱ्यांच्या वर्गातली शांतता होती.

"हो," मी म्हणाले.

"अहो, मी अजून काही विचारलंच नाही!"

"मग विचारा ना! केव्हाची थांबलेय मी!"

त्यानं विचारलं. मी पुन्हा हो म्हणाले, पण या खेपेला त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं.